दुसऱ्या गाडीचं इंजिन आपल्या गाडीत : कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी

आज आपण गाडीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत. डिझेल गाडीचं इंजिन झिजलं आणि गॅरेजवाला म्हणाला, "याच्यात दुसऱ्या मॉडेलचं इंजिन बसवून देतो, स्वस्तात होईल," तर काय करायचं, हा आजचा विषय. हा पुरुषांचा विषय आहे असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आमच्याकडे गटांमध्ये गाडीच्या कामासाठी कर्जाचे अर्ज येतात. गाडी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर असते, पण कर्ज बाईच्या नावावर निघतं. सही तिची, हप्ता तिचा, आणि हप्ता चुकला तर सभेत मान खाली तिची. मग ज्या कामासाठी आपण सही करतो ते काम काय आहे, हे आपल्याला कळायलाच हवं.

आपल्या दांडीत, नवापूरला, आलेवाडीला, उच्छेळीला जुन्या डिझेल गाड्या किती आहेत ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुणाची इंडिका, कुणाची सुमो, कुणाची बोलेरो, कुणाचा पिकअप. सकाळी म्हावऱ्याच्या टोपल्या बोईसरच्या बाजाराला, मग तारापूर एमआयडीसीच्या शिफ्टचे कामगार, मधे कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर तीच गाडी. अशा घरात गाडी बंद पडली की चूल अर्धी होते. म्हणून घाई होते, आणि घाईत पैसे जातात.

आधी विचारा : इंजिन खरंच गेलंय का?

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा पिस्टन इतकी दाबतो की तिची जागा साधारण सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यावर येते. एवढी दाबली की हवा ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला की ते आपोआप पेट घेतं. म्हणजे डिझेल इंजिनाचा सगळा जीव त्या दाबात आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडरच्या भिंती घासल्या, की दाब गळतो. सायकलच्या पंपाचा वायसर झिजला की कितीही दाबा, हवा भरत नाही, तसंच.

याची लक्षणं घरातल्या कुणालाही दिसतात. सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. चढावर ओढत नाही. ऑइल वरचेवर कमी होतं. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढलं तर तिथून भसाभस वाफेसारखा धूर येतो. आणि सायलेन्सरचा धूर निळसर असतो, कारण ऑइल वर चढून जळत असतं.

पण धुराचा रंग नीट बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. त्याचं कारण एअर फिल्टर तुंबलेला असेल, नोजल खराब असेल, टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचा पाइप फाटलेला असेल. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. त्यात हीटर प्लग किंवा हेडचं गॅस्केट गेलेलं असू शकतं. यातलं एकही कारण असलं तर इंजिन बदलायची गरज नसते. सकाळी चालू न होणं हेसुद्धा कधी कधी नुसत्या हीटर प्लगचं किंवा अशक्त बॅटरीचं दुखणं असतं.

म्हणून पहिली अट ही ठेवा की कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय इंजिन बदलायची गोष्ट काढायची नाही. नोजल किंवा हीटर प्लगच्या जागी एक घड्याळ लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. तीन चांगले आणि एक पडलेला असेल तर दुखणं एका जागी आहे. चारही पडलेले असतील तर इंजिन खरंच झिजलेलं आहे.

झिजलेल्या इंजिनाला तीन वाटा

पहिली वाट म्हणजे आहे तेच इंजिन बांधणं. यात इंजिन उघडतात, ब्लॉक बोअरिंगच्या दुकानात पाठवतात, नवे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग घालतात, हेडचे वॉल्व्ह बसवून घेतात. याला गॅरेजमध्ये फुल इंजिन काम म्हणतात. वेळ लागतो, पण इंजिनाचा नंबर तोच राहतो, कागदाला हात लावावा लागत नाही.

दुसरी वाट म्हणजे त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, त्याच प्रकारचं दुसरं चांगलं इंजिन बसवणं. सगळे बोल्ट जागच्या जागी लागतात. फक्त इंजिन नंबर बदलतो, त्याची नोंद आरटीओत करावी लागते.

तिसरी वाट, जिच्याबद्दल आज बोलतोय, ती म्हणजे दुसऱ्या मॉडेलचं इंजिन. ते स्वस्त मिळतं, कधी जास्त ताकदीचं असतं, आणि गॅरेजवाला म्हणतो, "मी पाच गाड्यांत बसवलंय."

तो खोटं बोलतो असं नाही. असं होत आलेलं आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात तर फार आधीपासून. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी आठवा. ती गाडी मुळात पेट्रोलची. पण डिझेल स्वस्त, म्हणून कितीतरी टॅक्सीवाल्यांनी तिच्यात डिझेल इंजिनं बसवून घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीनं स्वतःही पुढे इटलीचं डिझेल इंजिन घालून पद्मिनीचं १३७डी हे मॉडेल काढलं. महिंद्राच्या जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं डिझेल इंजिन आलं. पुण्याच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं ट्रॅक्सला मर्सिडीजच्या घराण्यातलं इंजिन लावलं. तेव्हा एका घरचं इंजिन दुसऱ्या घरच्या गाडीत चालतं, हे खरं.

फरक एवढाच आहे की कंपनी हे करते तेव्हा तिचे अभियंते इंजिनाबरोबर गिअर, ब्रेक, रेडिएटर, स्प्रिंगा सगळं मोजून बदलतात, चाचणी घेतात, सरकारी मान्यता घेतात, आणि मग गाडी विकतात. गॅरेजमध्ये त्यातलं किती होतं, ते आपण विचारायचं असतं.

इंजिन बसतं म्हणजे काय काय बसावं लागतं

आपल्याकडे होडीचं इंजिन बदलणं नवीन नाही. होडीत जागा मोकळी असते, लाकडाचा पाया ठोकून घेता येतो, शाफ्ट जुळवला की झालं. त्यामुळे घरातली माणसं म्हणतात, "बोटीचं बदललं, गाडीचं काय मोठं?" गाडीत मात्र बोटभर जागा इकडची तिकडे करता येत नाही.

एक, इंजिन आडवं की उभं. इंडिका, स्विफ्ट यांसारख्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतात. जुन्या सुमो-बोलेरोत ते लांबीला उभं असतं आणि मागची चाकं ढकलतात. एका जातीचं इंजिन दुसऱ्या जातीत घालायचा विचारही करू नका.

दोन, माउंटिंग. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं ते पाय दुसऱ्या जागी असतील तर नवे वेल्ड करावे लागतात. आपल्या गावात इथे एक खास धोका आहे. खारी हवा, आणि त्यात म्हावऱ्याच्या टोपल्यांतून गळणारं बर्फाचं खारट पाणी. गाडीची खालची पट्टी आतून सडलेली असते आणि वरून रंग असतो. सडलेल्या पत्र्यावर वेल्ड केलेलं माउंटिंग तुटलं तर चालत्या गाडीत इंजिन खाली बसतं. म्हणून इंजिनाचा सौदा करण्याआधी गाडी वर उचलून खालची चासी हातोडीनं ठोकून बघायला सांगा. खणखणीत वाजली पाहिजे. भद्द वाजली आणि गंजाचे पापुद्रे पडले तर त्या गाडीत कुठलंच इंजिन घालू नका, स्वस्तातलं तर नकोच.

तीन, गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथल्या बोल्टांची रचना प्रत्येक घराण्याची वेगळी. ती जुळली नाही तर मधे प्लेट बनवून घेतात, किंवा दुसरा गिअरबॉक्सच आणतात. मग क्लचप्लेट, फ्लायव्हील, सेल्फ, गिअरचे रॉड, चाकांचे शाफ्ट सगळं ओळीनं बदलत जातं.

चार, गार ठेवणारी व्यवस्था. जास्त ताकदीच्या इंजिनाला मोठा रेडिएटर लागतो. टर्बोचं असेल तर इंटरकूलरला जागा लागते. नाहीतर मे महिन्यात बोईसरच्या फाटकापाशी गाडी उभी राहिली की काटा लाल.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक. कारच्या ब्रेकवर पाय हलका पडला तरी गाडी थांबते, कारण ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असते. पेट्रोल इंजिनात ती ओढ इंजिनातूनच मिळते. डिझेल इंजिनात ती तशी मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, पुष्कळदा अल्टरनेटरच्या मागे किंवा इंजिनाच्या अंगावर. इंजिन बदलताना हा पंप सुटला, लहान पडला, किंवा त्याची नळी नीट बसली नाही तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. गाडी चालते छान, थांबत नाही. शिवाय नवं इंजिन जड असेल तर पुढच्या स्प्रिंगा आणि ब्रेकवर भार वाढतो. काम झाल्यावर पहिली चाचणी ब्रेकची घ्या, वेगाची नंतर.

जुनी इंजिनं आणि बोलणारी इंजिनं

१९९८ मध्ये आलेल्या इंडिकाचं डिझेल इंजिन १४०५ सीसीचं होतं. टर्बो नाही, डिझेलचा पंप यांत्रिक. अशा इंजिनाला चालायला वायरिंग फार लागत नाही. गॅरेजवाल्यानं डोळ्यांनी बघून जुळवावं इतकं ते साधं.

पुढे कॉमन रेल आलं. यात डिझेल फार मोठ्या दाबानं एका नळीत भरून ठेवलेलं असतं आणि कुठल्या नोजलनं कधी, किती फवारा मारायचा हे संगणक ठरवतो. त्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात. आपल्या देशात गाजलेलं असं इंजिन म्हणजे फियाटच्या आराखड्याचं १.३ लिटरचं, १२४८ सीसीचं. ते पुण्याजवळच्या रांजणगावलाही बनत होतं आणि हरियाणात मानेसरलाही. मारुतीच्या स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, एर्टिगामध्ये, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये, फियाटच्या पुंटोमध्ये, सगळीकडे तेच. म्हणून कुणी म्हणतं, "इंजिन एकच तर आहे, स्विफ्टचं व्हिस्टात घालू."

लोखंड बरंचसं सारखं आहे, हे खरं. पण स्विफ्टमधलं ७५ अश्वशक्तीचं, आणि एसएक्स-४ किंवा एर्टिगातलं ९० चं. दोघांचा टर्बो वेगळ्या प्रकारचा. माउंटिंगचे पाय, वायरिंग आणि ईसीएम प्रत्येक कंपनीनं आपापले केलेले. ईसीएमला आपली किल्ली ओळखावी लागते, नाहीतर तो इंजिन चालूच करत नाही. नोजलचे आकडे त्याच्यात भरावे लागतात. ॲक्सिलरेटरच्या पेडललाही तारेऐवजी वायर असते. म्हणून कॉमन रेलचं इंजिन घ्यायचं असेल तर इंजिन, ईसीएम, पूर्ण वायरिंग, पेडल आणि किल्ली एकाच गाडीतलं, एकत्र घ्यावं लागतं. नुसतं इंजिन स्वस्त मिळालं आणि ईसीएमच्या मागे महिना गेला, तर स्वस्त काय राहिलं?

आणि आपली खारी हवा इथेही आहेच. वायरिंगच्या जोडणीत कापून जोडून टेप गुंडाळलेली जागा पहिल्या पावसाळ्यात हिरवी पडते. मग गाडी कधी चालू होते, कधी नाही, आणि दोष कुणालाच सापडत नाही. जुन्या साध्या इंजिनाच्या इंडिकात कॉमन रेलचं इंजिन घालणं म्हणजे नुसतं इंजिन बदलणं राहत नाही, गाडीची सगळी नस बदलणं होतं.

कागद : इथेच गाडी जास्त अडकते

आरसी बुकात चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो, सीसी असते, इंधन लिहिलेलं असतं. विम्याच्या कागदावरही हे नंबर असतात. इंजिन बदललं की हे सगळे कागद खोटे पडतात, जोपर्यंत आपण ते दुरुस्त करत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ हे गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीनं जे मूळ तपशील दिलेत आणि जे आरसीवर आहेत, त्यांच्याशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही, हा त्याचा गाभा. परवानगीशिवाय बदल झाला असेल तर तो १४ दिवसांच्या आत कळवून आरसी नोंदीसाठी द्यावी लागते. मोठ्या ताफ्यांना, म्हणजे दहा किंवा जास्त व्यावसायिक गाड्या असणाऱ्यांना, राज्य सरकार अधिसूचनेनं परवानगीशिवाय इंजिन बदलायची मुभा देऊ शकतं. पण तीसुद्धा त्याच बनावटीच्या आणि त्याच प्रकारच्या इंजिनासाठी. हे शब्द लक्षात ठेवा. ज्याच्याकडे दहा गाड्या आहेत त्यालाही दुसऱ्या मॉडेलचं इंजिन मोकळेपणानं घालता येत नाही, मग आपली तर एकच गाडी.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही याच कलमावर बोलताना सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा होऊन कलम १८२ए आलं. नियमबाह्य बदल केलेल्या गाडीच्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रदूषणाचा नियमही आहे. देशभर बीएस-४ हे १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ हे १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. नव्या नियमाच्या गाडीत जुन्या नियमाचं इंजिन घालून ती कागदावर बसवता येईल, अशी आशा धरू नका.

गाडीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर त्यांची लेखी संमती आधी घ्या. गाडी टॅक्सी पासिंगची असेल तर आठ वर्षं झाल्यावर दरवर्षी फिटनेसला न्यावी लागते, तिथे निरीक्षक इंजिन नंबर बघतो. खासगी गाडीला १५ वर्षांनी पुन्हा नोंदणी करताना तेच. एक वर्ष लपलं म्हणजे कायमचं लपलं असं होत नाही.

आणि विमा. आपल्या गाडीतून कामगार जातात, बायका जातात. उद्या अपघात झाला आणि गाडीतलं इंजिन कागदावरच्या इंजिनाशी जुळलं नाही, तर विमा कंपनीला दावा अडवायला कारण मिळतं. मग भरपाईचा बोजा घरावर येतो. इंजिनात वाचवलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी आरटीओत लेखी विचारणा आणि परवानगी, मग पैसे, मग काम, मग आरसीवर नोंद, मग विमा कंपनीला नवा नंबर. गॅरेजवाला म्हणेल, "परवानगी कशाला, जुनाच नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून देतो." मैत्रिणींनो, ही बनवाबनवी आहे. तिथून उठून या.

इंजिन कुठून आलं?

मुंबईत कुर्ल्याला जुन्या पार्टांचा मोठा बाजार आहे, आणि आपल्याकडेही भंगारवाले इंजिनं आणून देतात. चांगली इंजिनं मिळतात, त्यात शंका नाही. पण इंजिनाच्या ब्लॉकवर नंबर असतो, आणि तो कुठल्या तरी गाडीचा असतो. ती गाडी अपघातात गेलेली असेल, भंगारात दिलेली असेल, नाहीतर चोरीची असेल. म्हणून इंजिनाबरोबर पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची प्रत मागा. नंबर घासलेला असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. चोरीचा माल जाणून घेणाराही गुन्हेगार ठरतो, आणि आरटीओत नोंद करताना हाच कागद मागितला जातो.

आता आपला हिशोब

हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, दर नव्हेत. समजा त्याच मॉडेलचं इंजिन ५५ हजारांना आणि दुसऱ्या मॉडेलचं ३५ हजारांना मिळतंय. वीस हजार वाचले असं वाटतं. आता दुसऱ्या बाजूला लिहा : माउंटिंग आणि वेल्डिंग ५ हजार, गिअरबॉक्सची जोडणी आणि क्लच १० हजार, रेडिएटर आणि नळ्या ६ हजार, वायरिंग ८ हजार, सायलेन्सरचा पाइप २ हजार. झाले ३१ हजार. इंजिन धरून ६६ हजार. त्याच मॉडेलच्या इंजिनाला यातलं फार थोडं लागतं.

त्यात दिवस मोजा. सरळ बसणारं इंजिन थोड्या दिवसांत बसतं. जुळवाजुळवीचं काम महिना-महिना लांबतं. गाडी रोज हजार रुपये आणत असेल तर वीस दिवस जास्त लागले की वीस हजार गेले. आणि ६० हजारांच्या कर्जावर शेकडा १ रुपया महिना व्याज धरलं तर दरमहा ६०० रुपये व्याज, गाडी उभी असो की चालू.

आमच्या एका गटात असा अर्ज आला होता. गाडी जुनी डिझेल, शिफ्टच्या कामगारांची. गॅरेजनं दुसऱ्या मॉडेलचं इंजिन सुचवलं होतं. गटातल्या बायकांनी अर्ज नाकारला नाही, तीन कागद मागितले : कॉम्प्रेशनचे आकडे, कामाचं लेखी अंदाजपत्रक, आणि आरसीची प्रत. त्या ताई जरा रागावल्या, "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाल्या. गटातल्या एका मोठ्या वहिनी म्हणाल्या, "बाई, तुझ्यावर आहे. इंजिनावर नाही." आकडे आले तेव्हा चारपैकी एकच सिलिंडर पडलेला निघाला. हेड उघडून वॉल्व्हचं काम झालं, कर्ज मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी लागलं. प्रत्येक वेळी असंच निघेल असं नाही. चारही सिलिंडर गेलेले असते तर गटानं त्याच मॉडेलच्या इंजिनाला कर्ज दिलं असतं. विचारल्यामुळे निर्णय डोळे उघडे ठेवून झाला, एवढंच.

अर्जासोबत हे सहा प्रश्न जोडा

एक, कॉम्प्रेशनचे आकडे लेखी आहेत का? दोन, आहे ते इंजिन बांधायला किती आणि त्याच मॉडेलचं दुसरं बसवायला किती, दोन्ही अंदाजपत्रकं आहेत का? तीन, गाडीची चासी खालून तपासली का, ती किती वर्षं चालेल? चार, दुसऱ्या मॉडेलचंच घ्यायचं असेल तर आरटीओची लेखी परवानगी आली का? पाच, इंजिनाचं बिल, त्यावर नंबर आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत आहे का? सहा, ब्रेकच्या चाचणीसह कामाची हमी गॅरेज कागदावर देतंय का, आणि शेवटचे पैसे नोंद झाल्यावर द्यायचे ठरलेत का?

सहाही उत्तरं "हो" असतील तर कर्ज देताना गटाला भीती नाही. पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल तर पुढचे पाच वाचायचीही गरज नाही.

बोलणाऱ्या बाईला गाडी चालवता येत नाही, मग ती इंजिनावर काय बोलणार, असं ऐकावं लागतं. आपण भाव न विचारता पापलेट घेत नाही, कल्ला उघडून बघतो, बोटानं दाबून बघतो. मासा पकडायला आपण समुद्रात गेलेलो नसतो, तरी ताजा कुठला ते आपल्याला कळतं. इंजिनाचंही तेवढंच बघायचं आहे.

पुढच्या मासिक सभेला ज्यांच्या घरी जुनी डिझेल गाडी आहे त्यांनी आरसी बुक आणि विम्याचा कागद सोबत आणा. दोन्हींवरचा इंजिन नंबर एकच आहे का ते आपण मिळून बघू, आणि घरी जाऊन गाडीवरचा नंबर कुठे शोधायचा तेही सांगू. जुनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातानं घेतलेली असेल तर हे आधी करा, कारण इंजिन आपल्याआधीच कुणी बदललेलं असू शकतं.